शिकवल्यावाचून शहाणे

श्रीखंडाचा बेत ठरला की आदल्या रात्री दही फडक्यात बांधून टांगतात. रात्रभर खालच्या पातेल्यात थेंब थेंब पाणी गळत असते. सकाळी चक्का तेवढा काढून घेतात आणि ते पाणी बहुधा मोरीत ओतून देतात. ओतण्यापूर्वी ते एकदा उजेडात धरून पाहावे. त्याला हिरवट पिवळी झाक असते. ही झाक कशाची, याचा शोध रसायनशास्त्रज्ञ पुष्कळ वर्षे घेत होते. अखेर १९३३ साली रिचर्ड कून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुधाच्या अशाच पाण्यातून ते पिवळे द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे काढले. तेच आपले ‘ब-२’ जीवनसत्त्व, ऊर्फ रिबोफ्लेविन. बी कॉम्प्लेक्सची गोळी घेतल्यावर लघवी पिवळीजर्द होते, तीही याच्याचमुळे.

हे झाले स्वयंपाकघरातले. आता या पिवळ्या द्रव्याचा आणि आपल्या यकृतात दबा धरून बसलेल्या मारेकऱ्यांचा काही संबंध आहे, असे कोणी सांगितले तर आपण म्हणू, की स्वारीने दिवाळी अंकांतल्या रहस्यकथा जरा जास्तच वाचलेल्या दिसतात! परंतु ही रहस्यकथा खरी आहे. ती उलगडायला वीस वर्षे लागली, आणि तिचा शेवट अजून लिहून व्हायचा आहे.

पहारेकरी आणि फौज

आपल्या शरीराची राखण दोन तऱ्हांनी होते. पहिली तऱ्हा जन्मजात. १८८२ साली सिसिलीतल्या मेसिना गावी एली मेचनिकॉफ या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांच्या अंगात गुलाबाचे बारीक काटे खुपसून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो काय, काट्यांभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! त्या पेशींना कोणी काही शिकवले नव्हते. परके काही घुसले की धावून जायचे, हा त्यांचा उपजत स्वभाव. आपल्याही रक्तात असे पहारेकरी आहेत. ते तत्पर असतात, पण फारशी पारख करीत नाहीत.

दुसरी तऱ्हा कमावलेली. लहानपणी गोवर येऊन गेला की तो सहसा पुन्हा येत नाही. लस टोचली की पुढे वर्षानुवर्षे संरक्षण मिळते. हे काम शिकवून तयार केलेल्या फौजेचे. या फौजेची पारख अचूक आणि स्मरणशक्ती दांडगी. परंतु तिच्यात एक मोठी उणीव आहे. नवा शत्रू प्रथमच आला म्हणजे त्याला ओळखणारा शिपाई लाखांतून एखादाच निघतो. त्या एकट्याचे दोन, दोनांचे चार असे होत होत लढाऊ तुकडी उभी राहायला आठवडाभर लागतो.

रोगजंतू मात्र आठवडाभर थांबत नाहीत. काही जंतूंची संख्या तर अर्ध्या तासात दुप्पट होते! मग या मधल्या दिवसांत किल्ला कोण लढवतो? एकटे पहारेकरीच, असे पुष्कळ वर्षे मानले जात होते. आज आपल्याला ठाऊक आहे, की फौजेतलीच एक तुकडी या दिवसांत पहारेकऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी असते. तिची ओळख करून घेण्यापूर्वी फौजेची पाठशाळा पाहू.

थायमसची पाठशाळा

छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची एक मऊ ग्रंथी असते. लहानपणी ती चांगली भरलेली असते, आणि वयाबरोबर आक्रसत जाते. तिचा उपयोग काय, हे कोणालाच सांगता येत नसे. १९६१ साली लंडनमध्ये जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढून टाकली. ती पिल्ले काही आठवडे बरी वाढली आणि मग खंगू लागली. साध्या संसर्गालाही ती तोंड देऊ शकेनात. तेव्हा कुठे लक्षात आले, की ही निरुपयोगी वाटणारी ग्रंथी म्हणजे पांढऱ्या पेशींच्या एका मोठ्या वर्गाची पाठशाळा आहे. थायमसच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरावरून त्या वर्गाला ‘टी पेशी’ म्हणतात.

ही पाठशाळा मोठी कडक! प्रत्येक पेशी आपल्या अंगावर शत्रूला चाचपण्यासाठी एक पंजा घडवते. हा पंजा जनुकांचे तुकडे पत्त्यांसारखे पिसून तयार होतो, त्यामुळे एकीचा दुसरीसारखा सहसा नसतो. ज्या पेशीचा पंजा निकामी ठरतो, किंवा जी आपल्याच शरीरावर उठेल असे दिसते, तिला शाळेतच मरावे लागते. पास होऊन बाहेर पडणाऱ्या अगदी थोड्या.

त्यांतल्याच एका शाखेला ‘मारक टी पेशी’ म्हणतात. विषाणू पेशीच्या आत शिरून बसला की बाहेरून त्याला गाठणे कठीण. अशा वेळी मारक पेशी त्या बाधित पेशीला येऊन चिकटते, तिच्या आवरणाला छिद्रे पाडणारे एक प्रथिन सोडते, आणि त्या वाटेने काही पाचक द्रव्ये आत घालते. बाधित पेशी मग आपल्या हातानेच आपला गाशा गुंडाळते, आणि तिच्याबरोबर आतल्या विषाणूचा कारखानाही बंद पडतो.

पण बाधित पेशी ओळखायची कशी? या प्रश्नाचे उत्तर १९७३-७४ साली ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा येथे पीटर डोहर्टी व रॉल्फ झिंकरनागेल या दोघांनी शोधले, आणि १९९६ साली त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. आपली प्रत्येक पेशी आत काय चालले आहे त्याचे नमुने, म्हणजे प्रथिनांचे बारीक तुकडे, एका तबकात घालून बाहेर मांडत असते. मारक पेशी तबक आणि त्यातला नमुना असे दोन्ही मिळून तपासते. ही तबके माणसामाणसांत वेगवेगळी असतात. मूत्रपिंड बदलायचे झाल्यास भावाबहिणींची जुळणी आधी पाहतात, त्याचे एक मोठे कारण हेच.

प्रत्येक पेशीचा पंजा निराळा, प्रत्येक माणसाची तबके निराळी, आणि नमुने नेहमी प्रथिनांचे, असा हा नियम. आता त्याचे अपवाद पाहू.

सगळ्यांचा एकच साचा

१९९३ साली अमेरिकेत काही संशोधक निरोगी माणसांच्या रक्तातल्या टी पेशी तपासत होते. वेगवेगळ्या माणसांच्या रक्तात त्यांना एकाच घडणीचा अर्धा पंजा पुनःपुन्हा आढळू लागला. पत्ते पिसून वाटल्यावर चार वेगवेगळ्या घरांत एकच हात यावा, तशातला हा प्रकार! योगायोग म्हणून सोडून द्यावे असे हे नव्हते. पुढे १९९९ साली पॅरिसच्या ऑलिव्हिए लांट्झ यांच्या गटाने दाखवले, की तसाच साचा उंदरांत आणि गाईगुरांतही आहे. इतक्या दूरदूरच्या प्राण्यांत निसर्गाने एखादी वस्तू जशीच्या तशी जपून ठेवली असेल, तर ती बिनकामाची असणे संभवत नाही.

२००३ साली याच गटाने आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एक, या पेशी आतड्याच्या अस्तरात सापडतात आणि नेहमीच्या तबकाऐवजी ‘एमआर-१’ नावाचे निराळेच तबक तपासतात. हे तबक माणसामाणसांत जवळजवळ सारखेच असते. दोन, ज्या उंदरांना जन्मापासून पूर्ण निर्जंतुक पेटीत वाढवले त्यांच्यात या पेशी दिसतच नाहीत. म्हणजे घडण उपजत खरी, पण ती नांदायला घरात जंतूंची वस्ती हवी!

या पेशींच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून त्यांना ‘मेट’ पेशी म्हणू लागले. माणसातल्या बहुतेक मेट पेशींवर मारक टी पेशींचीच खूण असते. शाळा तीच, शस्त्रे तीच. पण शिक्षण संपते तेव्हाच त्या अर्ध्याअधिक तयार असतात. बाहेर पडून शत्रू भेटेपर्यंत नवशिक्या राहायचे, ही गोष्ट त्यांना ठाऊक नाही.

तबकात होते काय?

आता प्रश्न असा उरला, की त्या तबकात असते काय? नेहमीचे प्रथिनांचे तुकडे तिथे बसत नव्हते. २०१० साली पॅरिसमध्ये आणि अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात स्वतंत्रपणे दिसून आले, की या पेशी जंतुबाधित पेशी ओळखतात. क्षयाच्या जंतूंनी बाधलेल्या पेशीसुद्धा. पण ओळखीची खूण कोणती ते कळेना.

खूण मेलबर्नच्या संशोधकांच्या हाती लागली, आणि तीही काहीशी आडवाटेने. प्रयोगशाळेत पेशी ज्या पोषक द्रवात वाढवतात, त्यातले काहीतरी या तबकात जाऊन घट्ट बसलेले त्यांना आढळले. तपास केला तो ते निघाले फोलिक आम्ल, म्हणजे ‘ब-९’ जीवनसत्त्व, मोडून झालेले एक द्रव्य. ते तबकात बसत होते, पण मेट पेशी त्याला पाहून जाग्या होत नव्हत्या. कुलपात किल्ली बसते, पण फिरत नाही, अशी गत! एवढ्यावरून दिशा मात्र मिळाली, की प्रथिने सोडा, जीवनसत्त्वांच्या गोतावळ्यात शोधा. मग साल्मोनेला जंतू वाढवलेल्या द्रवातून खरी किल्ली निघाली. तिचे नाते होते चक्क्याच्या पाण्यातल्या आपल्या पिवळ्या ‘ब-२’शी! हा शोध २०१२ साली प्रसिद्ध झाला.

२०१४ साली तपशील आणखी स्पष्ट झाला. मेट पेशींना हवे असते ते तयार ‘ब-२’ नव्हे, तर ते बनत असताना वाटेत तयार होणारे अर्धेकच्चे द्रव्य. साखर जळताना पेशीत जी उपद्रव्ये होतात, त्यांतल्या एकाशी त्याचा संयोग होतो आणि एक अल्पायुषी पदार्थ जन्माला येतो. मोकळा राहिला तर तो लवकरच बिघडून जातो. पण तेवढ्यात तबकाने झेलला तर टिकतो. ज्या जंतूंची ‘ब-२’ बनवण्याची वाटच मुद्दाम तोडली, त्यांच्याकडे मेट पेशींनी ढुंकूनही पाहिले नाही.

चुलीचा धूर

यातली निसर्गाची हुशारी ध्यानात घेण्यासारखी आहे. ‘ब-२’ जीवनसत्त्वावाचून आपलेही चालत नाही, पण ते आपल्याला बनवता येत नाही. दूध, अंडी, पालेभाज्या यांतून ते आपण आयते घेतो. पुष्कळसे जंतू मात्र ते स्वतःच रांधतात. तेव्हा ‘ब-२’ रांधल्याचा धूर आपल्या पेशीत दिसला, की घरात परक्याची चूल पेटली आहे हे नक्की. जंतू आपले वरचे कपडे हवे तेव्हा बदलतात. नेहमीच्या फौजेला हुलकावणी देण्याची त्यांची ती युक्तीच आहे. पण रोजचा स्वयंपाक बंद करणे इतके सोपे नसते!

आपण गिळलेली गोळी तयार पक्वान्न असते. तिच्यात हा धूर नसतो. म्हणून ती घेतल्याने मेट पेशी खवळत नाहीत, तशाच बळकटही होत नाहीत. ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ म्हणून जी औषधे बाजारात खपतात, त्यांच्या जाहिराती वाचताना एवढे ध्यानात असावे.

आता चाणाक्ष वाचक विचारतील, आपल्या आतड्यात तर अब्जावधी निरुपद्रवी जंतू सुखाने नांदतात आणि त्यांतले कितीतरी ‘ब-२’ बनवतात. मग या पेशी रोजच का उठत नाहीत? याचे उत्तर असे, की नुसती किल्ली फिरून भागत नाही. पहारेकऱ्यांनी धोक्याची घंटाही वाजवावी लागते. घंटा म्हणजे त्यांनी सोडलेली काही रसायने. किल्ली आणि घंटा दोन्ही मिळाली की मेट पेशी काही तासांतच शस्त्रे परजून कामाला लागतात. घंटा नसता नुसती किल्ली फिरली, तर त्यांचा कल डागडुजीकडे असतो. उंदरांच्या कातडीवरची जखम भरून आणण्यात या पेशींचा हातभार असतो, असे २०१९ साली दिसून आले. मारेकऱ्याच्या हाती गवंड्याची थापी! शिवाय घंटेचा गजर मोठा असेल तर किल्लीवाचूनही त्या उठतात. त्यामुळे जे विषाणू कधीच ‘ब-२’ बनवत नाहीत, त्यांच्या साथीतही, उदाहरणार्थ फ्ल्यू आणि डेंग्यूत, त्या जाग्या झालेल्या आढळतात.

त्यांची संख्याही थोडीथोडकी नाही. प्रौढ माणसाच्या रक्तातल्या शंभर टी पेशींमध्ये एकापासून दहापर्यंत मेट पेशी असतात. यकृतात हे प्रमाण वीस ते चाळीसपर्यंत जाते. आतड्यातून निघालेले रक्त आधी यकृतातच येते. तेव्हा चौकी नेमकी नाक्यावर बसवली आहे, असे म्हणायला हरकत नाही. जन्मलेल्या बाळात या पेशी फारच थोड्या असतात. बालपणी जंतूंच्या सहवासात त्या वाढत जातात, ऐन तारुण्यात भरास येतात आणि उतारवयात पुन्हा कमी होतात.

दोन भाऊबंद

शिकवल्यावाचून शहाण्या असलेल्या टी पेशी एवढ्याच नाहीत. त्यांची आणखी दोन घराणी प्रसिद्ध आहेत.

पहिल्या घराण्याची किल्ली सापडली समुद्रात. जपानमध्ये बिअर बनवणाऱ्या किरिन कंपनीचे संशोधक कर्करोगावर औषध शोधत होते. ओकिनावाजवळच्या समुद्रातल्या एका स्पंजात त्यांना साखर आणि चरबी जोडून झालेले एक द्रव्य मिळाले. त्यापुढे उंदरांतल्या गाठी हटत होत्या. ते द्रव्य गाठींना स्वतः मारत नाही, तर एकसाची पंजाच्या टी पेशींच्या दुसऱ्या एका जातीला जागे करते, हे १९९७ साली कळले. या पेशी चरबीचे नमुने मांडणारे तिसरेच तबक तपासतात. माणसाच्या रक्तात त्या फार विरळ असतात.

दुसरे घराणे ‘गॅमा-डेल्टा’ पेशींचे. यांचा पंजाच निराळ्या जनुकांचा. त्यांची ओळख आपल्यापैकी काही जणांना, विशेषतः घरात वडीलधारी मंडळी असलेल्यांना, नकळत झालेली असेल. हाडे ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा शिरेतून जे झोलेड्रॉनिक आम्ल देतात, ते पहिल्यांदा घेतल्यावर पुष्कळांना दोन-तीन दिवस ताप येतो, अंग मोडून येते. घरातले घाबरतात. वास्तविक घडते ते असे : या औषधाने पेशीतली एक रासायनिक वाट अडते आणि अलीकडच्या पायरीवरचे द्रव्य तुंबते. त्याच तऱ्हेचे द्रव्य अनेक जंतूही बनवतात. गॅमा-डेल्टा पेशींना वाटते जंतूच आले, आणि त्या रणशिंग फुंकतात. शत्रू नसता झालेली ही लुटुपुटूची लढाई! दुसऱ्या खेपेस ताप बहुधा पुष्कळ कमी येतो.

त्यांच्यावाचून काय अडते?

एवढे सगळे ऐकल्यावर रोखठोक प्रश्न उरतो : या पेशी नसल्या तर माणसाचे काय बिघडते? असा माणूस सापडणे कठीण होते, पण सापडला. २०२० साली एका व्यक्तीची हकीकत प्रसिद्ध झाली. ‘एमआर-१’ तबक घडवणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रतींत, आईकडून आलेल्या आणि वडिलांकडून आलेल्याही, एकच बारीकसा दोष होता. त्यामुळे त्या व्यक्तीच्या रक्तात मेट पेशी नव्हत्या. अंगावर हटता न हटणारे चामखीळ, आणि जिवाणूंचे संसर्गही तसेच चिवट. गॅमा-डेल्टा पेशी मात्र नेहमीपेक्षा वाढलेल्या होत्या. जणू एक भाऊ गेला म्हणून दुसऱ्याने त्याचा भार उचलला. माणूस जगतो, पण सुखाने नव्हे, असा याचा अर्थ. अर्थात एका उदाहरणावरून सिद्धांत मांडता येत नाही.

दुसरा पुरावा रोग्यांच्या रक्तात मिळतो. एचआयव्हीची लागण झालेल्यांच्या रक्तात मेट पेशी घटतात, आणि औषधोपचार चालू झाल्यावरही त्या पूर्वीसारख्या भरून येत नाहीत, असे २०१३ साली दिसले. क्षयरोग्यांच्या रक्तातही त्या कमी आढळतात. जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे, हे लक्षात घेतले म्हणजे क्षयाच्या जंतूला पहिल्याच तासांत हेरू शकणाऱ्या या पेशींचे महत्त्व आपल्याला निराळे सांगायला नको.

मग त्यांनाच आधी चेतवून क्षयावर लस करता येणार नाही का? ही कल्पना संशोधकांना सुचली, आणि उंदरांवर ती करूनही पाहिली. पण फळ अपेक्षेप्रमाणे मिळाले नाही. संसर्गाआधी मेट पेशी वाढवून ठेवल्या, तर उंदरांचा बचाव झाला नाही. उलट रोग जुना झाल्यावर त्या चेतवल्या तेव्हा जंतू कमी झाले. २०२१ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष कोड्यात टाकणारा आहे खरा. शिवाय उंदरात या पेशी मुळातच थोड्या आणि माणसात पुष्कळ. त्यामुळे उंदराचा हिशेब माणसाला जसाच्या तसा लागू पडत नाही.

तूर्त आपण यातून घ्यायचे ते एवढेच. या उपजत जाणत्या पेशी मधले आठ दिवस सांभाळतात. गोवर, धनुर्वात, घटसर्प यांची नेमकी आठवण ठेवणे हे त्यांचे काम नव्हे. ते शिकलेल्या फौजेचे, आणि तिला शिकवण्याचा सुरक्षित मार्ग म्हणजे लस. ‘आमच्या मुलांची प्रतिकारशक्ती उपजतच चांगली आहे, लस कशाला?’ असे म्हणणे म्हणजे दाराशी गुरखा आहे म्हणून कुलूप न लावण्यासारखे आहे.

आणि उपजत तरी कशाला म्हणायचे? मेट पेशींना एका आयुष्यात कोणी शिकवले नाही हे खरे. पण उंदीर, गाय आणि माणूस यांचे पूर्वज एकच होते, त्या काळापासून हा धडा गिरवला जात आहे. जंतू आपला स्वयंपाक सोडणार नाही, हे ज्या पेशींनी ओळखले त्यांचे वंश टिकले. शाळेत न जाता आलेले हे शहाणपण म्हणजे कोट्यवधी वर्षांच्या आजारपणांचा अनुभव आहे. आज रात्री आपण निजलेले असताना त्या यकृताच्या नाक्यावर जाग्या असतील, आणि कुठे परक्या चुलीचा धूर दिसतो का, ते पाहत असतील.